रिकाम्या खोक्यांचा हिशेब

सर गेल्यावर महिनाभरानं काकूंचा फोन आला. आवाज दबका होता, शेजारच्या खोलीत कुणाला ऐकू जाऊ नये असा. म्हणाल्या, "अरे, घरातलं एक पिस्तूल सापडत नाहीये."

सर म्हणजे माझे नेमबाजीचे गुरू. श्वास कुठे रोखायचा, चापावर बोट कसं टेकवायचं, घरी आल्यावर काडतुसं आणि शस्त्रं वेगवेगळ्या कुलपांत कशी ठेवायची, हे सगळं त्यांनीच शिकवलेलं. अशा माणसाच्या घरातून पिस्तूल हरवावं? मी तसाच निघालो. परवान्यावर चार शस्त्रं होती आणि लोखंडी कपाटात चारही जागच्या जागी होती. मग पाचवं आलं कुठून, असं विचारलं तेव्हा काकूंनी माळ्यावरून काढलेले खोके समोर मांडले. पाच होते. पाचवा उघडला तर आत करडा फोम, त्यात पिस्तुलाच्या आकाराचा खळगा. मूठ कुठे, नळी कुठे, सगळं नीट कळत होतं. खळगा रिकामा.

बुटांचा रिकामा खोका सापडला तर कुणी बूट शोधत बसत नाही. पण त्या खळग्याकडे बघून आमच्या पोटात गोळाच आला. घरात पाच वर्षांचा नातू. दोन दिवस आम्ही गाद्यांच्या घड्या, ट्रंका, पुस्तकांच्या मागच्या जागा, सगळं पालथं घातलं. पोलिसांना कळवायचं का, यावर काकूंच्या मुलाचं आणि माझं थोडं वाजलंही. तिसऱ्या दिवशी सरांची एक जुनी वही मिळाली. त्या मॉडेलचं पिस्तूल त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी रीतसर परवानगी घेऊन दुसऱ्याच्या नावावर केलं होतं. तारीख, नंबर, सगळं टिपलेलं. खाली त्यांच्या तिरप्या अक्षरात एक ओळ: 'खोका नको म्हणाले.'

काकू रडल्या आणि मग हसल्या. वहीच्या त्या पानाचा मी फोनवर फोटो काढून घेतला, कधी कुणी विचारलं तर असावा म्हणून. निघताना त्यांना सांगून आलो, "तो पाचवा खोका टाकून द्या. पण आधी त्यावरचं लेबल फाडा."

घरी आलो, शिडी लावली आणि माळा उघडला. माझ्या कपाटात पाच शस्त्रं आहेत. माळ्यावर सहा खोके निघाले.

सहावा माझ्या पहिल्या पिस्तुलाचा. ते मी वीसेक वर्षांपूर्वी विकलं. माझ्याकडूनही घेणारा खोका नको म्हणाला असेल किंवा मीच दिला नसेन. दुसरंच खरं असावं. पहिल्या शस्त्राचा खोका माणूस सहजासहजी सोडत नाही. झाकण उघडल्यावर येणारा तेलाचा आणि नव्या पुठ्ठ्याचा वास, मेणकागदाची सळसळ, पुस्तिकेच्या आठ भाषांमधल्या त्याच त्या सूचना. शस्त्र हातात घेतलं की जबाबदारी सुरू होते. त्याच्या आधीचं, निव्वळ कौतुकाचं जे एक मिनिट असतं, ते त्या खोक्यात राहून जातं. मात्र या कारणासाठी सहा खोके ठेवायचे म्हणजे माळ्यावर माणसापेक्षा आठवणींना जागा जास्त, असं बायकोचं म्हणणं. तिचं फार चुकतं असं नाही.

व्यवहाराची कारणं मात्र खरी आहेत. खोका आपण टाकतो तेव्हा पुठ्ठ्याबरोबर फोमखालचा कप्पाही जातो. नेम धरायची साइट फिरवायची बारकी किल्ली, सुटा फायरिंग पिन, शॉटगनच्या नळीच्या तोंडाशी बसणाऱ्या चोकची चावी, मुठीच्या मागचे वेगवेगळ्या मापांचे तुकडे, जास्तीची स्प्रिंग असं सगळं कारखानेवाले नेमकं तिथेच दडवतात. माझ्या एका मित्रानं नव्या रायफलीचा खोका त्याच दिवशी रद्दीत घातला आणि नंतर सहा महिने तो एका षट्कोनी किल्लीसाठी दारोदार फिरला. स्पर्धेसाठीच्या मॅच रायफलींच्या खोक्यात तर कधी कधी कारखान्यात झाडून पाहिलेलं टार्गेट असतं. त्यावर एकमेकांत मिसळलेली भोकं आणि कोपऱ्यात शस्त्राचा नंबर. त्या रायफलीची ती जन्मपत्रिकाच. पुढे कधी नेम बिघडला तर दोष रायफलीचा की आपला, हे त्या कागदाशेजारी आपलं टार्गेट ठेवून बघता येतं. उत्तर बहुतेक वेळा अपमानास्पद असतं.

काही अमेरिकन पिस्तुलांच्या खोक्यात एक छोटं पाकीटही निघायचं. त्यात काडतुसाची एक झाडलेली, रिकामी पुंगळी असे. नवं पिस्तूल विकताना त्यातून झाडलेल्या पुंगळीची नोंद सरकारकडे द्यायची, म्हणजे गुन्ह्याच्या जागी पुंगळी मिळाली की शस्त्र ओळखता येईल, असा मेरीलँड आणि न्यूयॉर्क या राज्यांचा बेत होता. न्यूयॉर्कनं तो २०१२ मध्ये गुंडाळला आणि मेरीलँडनं २०१५ मध्ये. हाती फारसं काही लागलंच नाही. ती पाकिटं मात्र अजून कितीतरी खोक्यांच्या तळाशी पडून असतील आणि हे काय आहे, टाकावं का, असा प्रश्न कुणाला तरी पडत असेल.

संग्राहकांचं जग आणखी वेगळं. तिथे 'खोका आहे का?' हा दुसरा प्रश्न असतो, पहिला शस्त्राच्या अवस्थेचा. १९५५ साली आलेल्या कोल्ट पायथनसारखं रिव्हॉल्व्हर खोका, पुस्तिका आणि कागदांसकट मिळालं तर संग्राहकाचे डोळे चमकतात, कारण शस्त्रं जपणारे पुष्कळ असले तरी पुठ्ठा जपणारे फार थोडे. पण खोका आहे एवढ्यावर भागत नाही. तो त्याच शस्त्राचा हवा. जुन्या स्मिथ अँड वेसनच्या खोक्यांच्या तळाशी कारखान्यातल्या कामगारानं मेणाच्या पेन्सिलीनं शस्त्राचा नंबर लिहिलेला असतो. ओबडधोबड, घाईघाईतला. जाणकार माणूस आधी खोका उलटा करतो आणि मग झाकण उघडतो. नंबर जुळला तर खोक्याला किंमत, नाही तर तो नुसता त्या काळातला एक पुठ्ठा.

आणि जिथे किंमत आली तिथे लबाडी आलीच. जुन्या खोक्यांच्या हुबेहूब नकला छापून मिळतात. कुणी उघडपणे नक्कल म्हणून विकतो, कुणी चहाच्या पाण्यात भिजवून त्याला म्हातारा करतो. भलत्याच शस्त्राचा खोका दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं तर नेहमीचंच. संग्राहक त्याला लग्न लावलेला खोका म्हणतात. अशी जोडपी बघून मला पूर्वी फार हसू यायचं. नंबरसुद्धा न बघता माणूस खोका छातीशी कवटाळतोच कसा, असं वाटायचं.

शिवाय नंबरचंही एक आहे. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानं प्रत्येक नव्या बंदुकीवर नंबर घालणं सक्तीचं झालं. त्याआधीच्या कितीतरी स्वस्त पॉइंट टू-टू रायफली आणि शॉटगन बिननंबरी आहेत. त्यांचा खोका खरा की खोटा, हे ठरवणार कशावरून?

खोका हा शब्दच अपुरा पडतो अशी शस्त्रंही आहेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांच्या जोड्या लाकडी पेट्यांमध्ये येत. इंग्रजी पेटीत सरळ फळ्यांचे कप्पे असत आणि आत हिरवं लोकरी कापड. फ्रेंच पेटीत प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खळगा कोरलेला असे. म्हणजे आपल्या फोमच्या खळग्याचं घराणं तसं बरंच थोर. झाकणाच्या आत बनवणाऱ्याचं छापील लेबल डकवलेलं असे आणि त्यावर दुकानाचा पत्ता. दुकान हललं की लेबल बदले. त्यामुळे आज अभ्यासक त्या पत्त्यावरून पेटीचा काळ ठरवतात. माउझरचं १८९६ चं पिस्तूल तर लाकडी म्यानात येई आणि तेच म्यान मुठीला जोडलं की खांद्याला लावायचा दस्ता होई. तिथे वेष्टण टाकणं म्हणजे अर्धं शस्त्रच टाकणं.

पण त्या देखण्या पेट्यांनीच आतल्या मालाचा घात केल्याचीही उदाहरणं आहेत. ओकच्या लाकडातून वर्षानुवर्षं आम्लाची वाफ निघत राहते आणि शिशाला ती सोसत नाही. जुन्या पेटीचा गोळ्यांचा कप्पा उघडावा तर गोळ्यांवर पांढरी भुकटी. लाकूड सुंदर, मखमल सुंदर आणि आत शिसं सावकाश विरघळतंय.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. माझी एक रायफल मी तिच्या मूळ पेटीतच ठेवत असे. प्लास्टिकची काळी पेटी, आत अंड्यांच्या ट्रेसारखा फुगवट्यांचा फोम. नवी कोरी पेटी होती, कारखान्यानं दिलेली, म्हणजे यापेक्षा चांगली जागा कुठली असणार? एका दमट ऋतूत मी तीन महिने रेंजवर गेलो नाही. पेटी उघडली तेव्हा नळीवर ओळीनं तपकिरी ठिपके होते. एकसारख्या अंतरावर, शिस्तीत. जिथे जिथे फोमचा फुगवटा नळीला टेकला होता, तिथे तिथे गंज. फोमचा साचाच जणू नळीवर छापून निघाला होता. बारीक पोलादी लोकर आणि तेल घेऊन मी गंज काढला, पण ब्लुइंगवरचे, म्हणजे पोलादाच्या निळसर संरक्षक थरावरचे, व्रण गेले नाहीत. रेंजवर कुणी विचारलं तर मी अजूनही विषय बदलतो.

चूक समजायला वेळ लागला, कारण ती अगदी साधी होती. फोम स्पंजसारखा असतो, हवेतली ओल धरून ठेवतो आणि पोलादाला चिकटून बसतो. पुठ्ठाही ओल शोषतो, वर स्वस्त पुठ्ठ्यातलं आम्ल त्यात भर घालतं. चामडी म्यानात कातडं कमावतानाची रसायनं उरलेली असतात, त्यामुळे तीही मुक्कामाला वाईटच. फोम जुना झाला की चिकट होतो, भुगा होऊन गळतो आणि तो चिकटा नळीत, साइटमध्ये, सगळीकडे शिरतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की पोलादाचा गंज वेग घेतो आणि बंद पेटीच्या आत बाहेरच्यापेक्षा बरी हवा असेल याची काही खात्री नसते.

खरं तर या खोक्यांचा दोष नाही. कारखान्यापासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून घरापर्यंत, एवढंच त्यांचं काम. आपण मात्र प्रवासाच्या पिशवीत जन्मभर राहायला जातो. दीर्घ मुक्कामासाठी केलेलं वेष्टण कसं असतं ते सैन्याच्या साठ्यातून निघालेल्या रायफली बघून कळतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली मोसिन-नागांत पेटीतून निघते ती तपकिरी, घट्ट, मेणासारख्या चरबीत न्हालेली. कॉस्मोलीन हे त्या प्रकाराचं प्रसिद्ध नाव. साफ करणाऱ्याचे कपडे, टेबल आणि संसारातली शांतता, तिन्हींची वाट लागते. पण खाली पोलाद जसंच्या तसं. पुढे बाष्पाच्या रूपानं धातूवर थर धरणारे गंजरोधक कागद आले. त्यांनी हेच काम बऱ्याच नेटकेपणानं केलं, पण त्यांचंही आयुष्य मोजकंच. आपल्या खोक्यात आलेला तो कागद दहा वर्षांनी नुसता कागद उरलेला असतो.

आता माझी शस्त्रं कपाटात उभी असतात, फोमपासून लांब. हात लागला की पुसायचं, कारण बोटांच्या घामातलं मीठ फोमपेक्षा वाईट. वर तेलाचा पातळ हात किंवा सूक्ष्मस्फटिकी मेण. तसलं रेनेसान्स नावाचं मेण १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि आजही संग्रहालयं ते धातूवर लावतात. कपाटात सिलिका जेलचा डबा, आर्द्रता दाखवणारं काट्याचं घड्याळ. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा निळे करायचे. घरातल्या घड्याळांपैकी या एकाच घड्याळाकडे मी न चुकता बघतो, असं लेक म्हणते.

आणि प्रवासाला तरी मूळ खोका कामाचा का? तिथेही फसगत. विमानानं शस्त्र न्यायचं तर कडक कवचाची, कुलूपबंद पेटी लागते. विकत घेताना मिळालेली पेटी सामानात शस्त्र पुरेसं सुरक्षित ठेवेलच असं नाही, असं अमेरिकेतली विमानतळांची सुरक्षा बघणारी टीएसए ही सरकारी संस्था प्रवाशांना स्पष्ट बजावते. सुरुवातीच्या ग्लॉक पिस्तुलांची काळी प्लास्टिकची पेटी तर इतकी डब्यासारखी होती की लोक तिला टपरवेअरच म्हणत. दुरुस्तीसाठी कारखान्याकडे पाठवतानाही मूळ पेटी पाठवू नका, असंच बरेच कारखाने सांगतात. ती वाटेत हरवली तर जबाबदारी कोण घेणार?

म्हणजे शस्त्र ठेवायला नको, न्यायला नको, पाठवायला नको. मग उरतो तो कागदाचा भाग: लेबल, पुस्तिका, टार्गेट, पावती. आणि माझ्या मते खोका ठेवायचा तो यांच्यासाठी. रुगर कंपनीची १९७३ पूर्वीची जुनी रिव्हॉल्व्हरं आहेत. घोड्यावर (हॅमरवर) आघात झाला तर ती चुकून झडू शकत, म्हणून कंपनी त्यात सुरक्षेचा नवा भाग फुकट बसवून देते. पण काढलेले जुने भागही ती मालकाला परत करते. ते जपून ठेवणारे लोक आहेत, कारण पुढे कुणी विचारलं तर हे शस्त्र मुळात असं होतं, हे दाखवता येतं. खोक्याचं काम तसलंच आहे. तो साक्षीदार आहे. आणि साक्षीदार कागदाचा असला तरी चालतो. अमेरिकेतल्या शेरीफ पॅट गॅरेटनं १८८१ मध्ये बिली द किड या कुख्यात गुंडाला ज्या कोल्टनं मारलं, ती २०२१ मध्ये लिलावात विक्रमी किमतीला गेली. ती काही मूळ खोक्याच्या जोरावर नाही. गॅरेटच्या विधवेनं ते रिव्हॉल्व्हर परत मिळवण्यासाठी कोर्टात भांडून जे कागद मागे ठेवले, त्यांनी तिची ओळख पटवली.

खोका टाकायचा असेल तर तसाच घराबाहेर ठेवू नये, हे मला वेगळं सांगायची गरज वाटत नाही, तरी सांगतो. नव्या टीव्हीचा खोका दाराबाहेर दिसला की चोराला घरात काय आहे ते कळतं. बंदुकीच्या खोक्यावरून त्याहून जास्त कळतं. लेबल फाडायचं, खोका चपटा करून आतली बाजू बाहेर घ्यायची.

त्या संध्याकाळी मी माळ्यावरचे सहा खोके खाली घेतले आणि प्रत्येक झाकणाच्या आत एक कागद डकवायला बसलो. शस्त्र कुठे आहे, किल्ली कुणाकडे आहे, कधी घेतलं. माझ्यामागे बायकोला आणि लेकीला गाद्या उसवाव्या लागू नयेत, एवढाच हेतू. पाच झाले. सहाव्यात लिहायचं होतं की पिस्तूल अमक्या वर्षी अमक्याच्या नावावर केलं. ज्यानं घेतलं तो अजून रेंजवर भेटतो. म्हटलं, आता त्याचा खोका त्याला देऊन टाकू. फोन लावला.

"खोका?" तो हसला. "इतक्या वर्षांनी? बरं, नंबर वाच."

मी चष्मा लावून लेबलवरचा नंबर वाचला. पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही.

"पुन्हा वाच. शेवटचे दोन."

"सात, चार."

"माझ्या पिस्तुलावर सात, एक आहे."

मी त्याला म्हटलं, नीट बघ. त्यानं नीट बघितलं. वीस वर्षं ज्या खोक्यावरची धूळ मी पुसत आलो, तो माझ्या पिस्तुलाचा नव्हताच. फोन ठेवला आणि तो दिवस आठवत बसलो. ते पिस्तूल मी सरांबरोबर घेतलं होतं. एकाच मॉडेलची दोन, एक त्यांचं, एक माझं. रेंजवरच्या लांब टेबलावर दोघांनी शेजारी शेजारी खोके उघडले होते, साफ करून दहा-दहा गोळ्या झाडल्या होत्या आणि संध्याकाळी घाईघाईत भरून घरी नेले होते.

फोनमध्ये सरांच्या वहीच्या पानाचा फोटो होता. उघडला, बोटांनी मोठा केला. हस्तांतराची तारीख, मॉडेल, नंबर. शेवटचे दोन अंक: सात, चार.

म्हणजे तो पाचवा खोका, ज्याच्यापायी आम्ही दोन दिवस घर उलथून टाकलं, तो माझा असणार. मी लगेच काकूंना फोन केला.

"काकू, तो खोका टाकला का?"

"नाही रे, टाकायला काढला होता, पण नातवानं मागून घेतला. त्या खड्ड्यात रंगीत खडू ठेवलेत त्यानं, छान बसलेत."

"आणि लेबल?"

"ते फाडलं की. तूच म्हणाला होतास ना. बारीक तुकडे केले आणि टाकून दिले."